हराम सांगून झालं, आता हलालचं बोलू

माझं माहेर रत्नागिरी जिल्ह्यातलं, सासर सांगलीचं. नोकरी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवण्यात गेली. निवृत्तीनंतर जमातीच्या हॉलमध्ये लग्नाळू मुलामुलींचे वर्ग घेते. निकाहनामा कसा वाचायचा, मेहर कशी ठरवायची, तलाक आणि खुलाचे, म्हणजे बायकोनं मागितलेल्या काडीमोडाचे, नियम काय, हे शिकवायला मी बसते. पण चहाच्या वेळी बाजूला घेऊन विचारले जाणारे प्रश्न वेगळेच असतात. "आपा, कुणी आवडणं हाही गुनाह आहे का?" "मंगेतरशी फोनवर बोललं तर चालतं का?" "अब्बांपुढं तिचं नाव कसं काढू?"

या मुलांना धर्म नको आहे असं मला कधी वाटलं नाही. धर्म नको असलेला माणूस हलाल-हराम विचारत बसत नाही. पण घरी विचारलं तर थप्पड मिळते आणि मोबाइलवर विचारलं तर परदेशातल्या कुठल्या तरी वक्त्याची अर्ध्या मिनिटाची रील. या दोन्हींच्या मध्ये बसून जे शिकले, ते इथं मांडते.

१. मनाई कशाला आहे, ते नेमकं सांगा

इस्लामची भूमिका गुळमुळीत नाही. लग्नाबाहेरचा शरीरसंबंध, म्हणजे जिना, हा मोठा गुनाह आहे. हनफी असो, शाफई असो, कुठल्याही पंथाचं याबद्दल दुमत नाही. सुरह बनी इस्राईलमध्ये तर त्याच्या जवळही फिरकू नका अशी ताकीद आहे. त्यामुळे तिकडं नेणाऱ्या गोष्टींनाही आडकाठी आहे: वासनेनं बघणं, स्पर्श, आणि खलवत, म्हणजे परक्या स्त्री-पुरुषानं तिसरं कुणी येऊ शकणार नाही अशा जागी एकटं असणं.

पण कुणी मनात भरणं या यादीत नाही. मदयनच्या पाणवठ्यावर हजरत मूसांनी दोन बहिणींच्या जनावरांना पाणी पाजलं. त्यातली एक लाजत त्यांना बोलवायला आली आणि पुढं वडिलांना म्हणाली, यांना कामावर ठेवा, हे ताकदवान आहेत आणि विश्वासूही. वडिलांनी मुलीच्या बोलण्यातलं ओळखलं म्हणा किंवा मूसांची पारख केली म्हणा, त्यांनी सरळ लग्नाचा प्रस्ताव मांडला आणि आठ वर्षांच्या चाकरीची अट घातली. हे खुद्द कुरआनमध्ये, सुरह कससमध्ये आहे. हजरत खदीजांनी पैगंबरांचा (स.) व्यापारातला सचोटीचा व्यवहार पाहिला आणि नफीसा नावाच्या मैत्रिणीमार्फत स्वतःहून विचारणा केली. पसंती बाईची, पुढाकारही बाईचा. तरी त्यावर कुणी बोट ठेवलेलं नाही.

हा फरक मुलांना सांगायला हवा, कारण आपण सगळ्यावर एकच शिक्का मारतो. वर्गातल्या मुलीशी नोट्सबद्दल बोलणं हराम, ती आवडणं हराम, लॉजवर जाणंही हराम. मुलगा पहिल्या दोन गोष्टी करून बसलेला असतो. त्याला वाटतं, आपण तसेही बुडालोच, आता तिसरीला कशाला थांबायचं? जिथं पायऱ्या होत्या तिथं आपणच घसरण केली आणि वर पोरं घसरतात म्हणून ओरडतो.

२. पहिला हुकूम पुरुषांना आहे

सुरह नूरच्या ३०व्या आयतीत नजर खाली ठेवण्याचा आणि शरम राखण्याचा हुकूम पुरुषांना आहे. स्त्रियांचा हुकूम त्यानंतर, ३१व्या आयतीत येतो. त्याच सुरहच्या सुरुवातीला जिनाची सजा सांगितली आहे, ती स्त्री आणि पुरुष दोघांना सारखी. आमच्या मोहल्ल्यात मात्र हया, म्हणजे लाजलज्जा, ही फक्त मुलींची जबाबदारी होऊन बसली आहे.

ओळखीतल्या एका प्रकरणात दोघं एकाच वर्गातली. गोष्ट घरी कळली. मुलीचं कॉलेज बंद, फोन काढून घेतला आणि महिनाभरात मामूच्या गावी रवानगी. मुलानं त्याच मार्चमध्ये परीक्षा दिली. त्याची अम्मी मला म्हणाली, "आपा, मुलगे असंच करतात." मी विचारलं, "हे कुठल्या आयतीत आहे?" ती गप्प बसली. मुलीची परीक्षा मात्र गेली ती गेलीच.

ज्या घरात मुलाच्या फोनला कुणी हात लावत नाही, त्या घरानं मुलीचा फोन तपासताना धर्माचं नाव घेऊ नये.

३. रात्री एकचा फोन हाही एकांतच

जुन्या फिकहमध्ये, म्हणजे धर्मशास्त्रात, खलवत म्हणजे बंद खोली. आता दोघं आपापल्या घरी, आपापल्या गादीवर असतात आणि घरात सगळे झोपलेले असतात. आजचे बरेच उलेमा रात्रीच्या चॅटला आणि व्हिडिओ कॉलला याच मापानं मोजतात. मला ते पटतं, कारण माझ्याकडं रडत येणाऱ्या मुलींपैकी बहुतेकींची गोष्ट फोनवरच सुरू झालेली असते आणि फोनमध्येच अडकलेली असते.

मी मुलांना तीन साध्या गोष्टी सांगते. लग्नाच्या हेतूनं बोलायचं असेल तर दिवसा बोला आणि घरातल्या निदान एका मोठ्या माणसाला ते ठाऊक असू द्या. 'मझ'सारख्या मुस्लिमांसाठीच्या लग्नाच्या ॲपमध्ये तर आपलं संभाषण घरच्या माणसाला दाखवायची सोय दिलेली आहे. दुसरं, विषय ठरवून बोला: नोकरी कुठं, शिक्षण चालू राहील का, आईवडिलांजवळ राहायचं की वेगळं, नमाज-रोज्याचं काय. हे बोलून झालं की 'जेवलीस का'च्या गप्पा निकाहनंतर आयुष्यभर मारायच्याच आहेत. तिसरं, कसलाही फोटो पाठवू नका.

आणि पाठवलाच असेल, आता कुणी धमकावत असेल, तर घाबरून त्याचं ऐकत जाऊ नका. फोटो मुलीनं स्वतः पाठवला असला तरी तिच्या संमतीशिवाय तो पसरवणं हा कायद्यानं गुन्हा आहे. सायबर पोलिसांकडे जा, बरोबर एखादी मोठी बाई घेऊन जा. तुमचा गुनाह तुमच्या आणि अल्लाहच्या मधला आहे. त्यानं केलेला गुन्हा पोलिसांचा विषय आहे.

४. मंगनी झाली म्हणजे निकाह झाला असं नाही

साखरपुड्याचा हार पडला की दोन्ही घरं सैल होतात. 'आता आपलीच आहेत' म्हणत फिरायला पाठवतात. शरियतच्या हिशेबात मंगनी हा फक्त वायदा आहे. तोवर मंगेतर परकाच. वायदा मोडू शकतो आणि मोडतोही. मोडला की मुलाला नवं स्थळ येतं, मुलीला प्रश्न येतात.

याचा अर्थ लग्नाआधी बघूच नये असा नाही. मुगीरा इब्न शोबा या सहाबींनी लग्न ठरवलं तेव्हा पैगंबरांनी (स.) त्यांना मुलीला बघून यायला सांगितलं, त्यानं तुमच्यात जिव्हाळा टिकेल असंही सांगितलं. बसा, बघा, घरच्यांच्या समोर मोकळेपणानं बोला. एकदा पुरत नसेल तर पुन्हा बसा.

काही घरं आधी निकाह करून ठेवतात आणि रुख्सती, म्हणजे मुलीची पाठवणी, शिक्षण संपल्यावर करतात. बोलणं-फिरणं हलाल होतं, हा त्यातला मोठा फायदा. पण हे करताना समजून करा. निकाह झाला की ती दोघं नवराबायको आहेत. न पटल्यास तलाक किंवा खुला लागेल, नुसती अंगठी परत देऊन भागणार नाही. संबंध येण्याआधी नवऱ्यानं तलाक दिला तर ठरलेल्या मेहरचा अर्धा भाग मुलीचा, हा सुरह बकराचा नियम आहे. रुख्सती लांबवणाऱ्या किती घरांना तो माहीत असतो?

५. दोन मित्रांपुढचा निकाह

हा प्रकार शहरात शिकायला गेलेल्या मुलांत दिसतो. गुनाह नको म्हणून दोघं भाड्याच्या खोलीत दोन मित्रांना गवाह बसवतात, 'कबूल है' म्हणतात आणि आपण हलाल झालो असं समजतात.

इथं माझं माहेर आणि सासर कामाला येतं. कोकणातले आम्ही शाफई. आमच्यात मुलीच्या वलीशिवाय, म्हणजे वडील किंवा त्यांच्यामागून येणाऱ्या पुरुष नातेवाइकाशिवाय, निकाह होतच नाही. देशावरचे बहुतेक हनफी. त्यांच्यात सज्ञान मुलगी स्वतःचा निकाह स्वतः करू शकते, वली नसला तरी. म्हणजे चिपळूणची मुलगी आणि मिरजेचा मुलगा यांनी पुण्यात असा निकाह केला, तर तो झाला की नाही यावर दोन मौलाना दोन उत्तरं देतील. मुलं यातलं सोयीचं तेवढं उचलतात. मुली वलीचा नियम विसरतात आणि मुलगे पुढच्या जबाबदाऱ्या.

हनफी मतानं निकाह लागला असं धरलं, तरी पैगंबरांची (स.) शिकवण निकाह जाहीर करण्याची आहे. लपवून ठेवायचा निकाह सहसा मुलाच्या सोयीचा असतो. उद्या तो म्हणाला, 'कसला निकाह?', तर मुलीच्या हातात काय आहे? निकाहनामा नाही, नोंदणी नाही, मेहरचा आकडा नाही, आणि गवाह त्याचेच मित्र. मुलगी अठराच्या आतली असेल तर प्रकरण २०१२च्या पॉक्सो कायद्यात जातं, तिथं तिच्या होकाराला किंमत नाही.

म्हणून मुलींना सांगते: जो मुलगा तुझ्याशी निकाह करायला तयार आहे पण तुझ्या अब्बांसमोर यायला तयार नाही, त्याला निकाह नकोच आहे.

६. माणूस वेगळ्या धर्माचा असेल तेव्हा

हा प्रश्न आता फार हळू आवाजात येतो. बाहेरचं वातावरण असं आहे की दोघं बसस्टँडवर एकत्र दिसली तरी कुणी तरी व्हिडिओ काढतं. मी दोन्ही बाजू समोर ठेवते. सुन्नी फिकहनुसार मुस्लिम पुरुषाला ख्रिस्ती किंवा ज्यू स्त्रीशी निकाहची मुभा आहे, मुस्लिम स्त्रीला मुस्लिमेतराशी नाही. हिंदू जोडीदाराशी निकाह लागत नाही. देशाच्या कायद्यात मात्र १९५४चा विशेष विवाह कायदा आहे: मुलगा एकवीसचा, मुलगी अठराची, ३० दिवसांची नोटीस आणि धर्म बदलण्याची गरज नाही.

काय निवडायचं ते त्यांनी ठरवावं. ती सज्ञान आहेत. पण एक गोष्ट मी ठासून सांगते. फक्त निकाह लागावा म्हणून कलमा पढायला लावू नका. मनात श्रद्धा नसताना पढलेल्या कलम्यानं धर्माचीही थट्टा होते आणि त्या माणसाचीही. आणि दोन वर्षं फिरून झाल्यावर 'आमच्या धर्मात चालत नाही' हे आठवत असेल, तर ते पहिल्याच आठवड्यात आठवायला हवं होतं.

७. तरुणाशी बोलावं कसं

मुस्नद अहमदमध्ये एक प्रसंग आहे. एक तरुण पैगंबरांकडं (स.) आला आणि भर सभेत म्हणाला, मला जिना करायची परवानगी द्या. लोक त्याच्यावर तुटून पडले. पैगंबरांनी त्याला जवळ बसवलं. विचारलं, हे तुझ्या आईच्या बाबतीत तुला आवडेल का? मुलीच्या? बहिणीच्या? आत्याच्या, मावशीच्या? प्रत्येक वेळी तो नाही म्हणाला. मग लोकांनाही त्यांच्या घरच्यांच्या बाबतीत ते आवडणार नाही, एवढंच त्याला समजावलं. त्याच्या अंगावर हात ठेवून दुआ केली, की याचे गुनाह माफ होवोत, मन पाक होवो. पुढं तो तरुण तिकडं वळला नाही, असं रिवायतीत आहे.

आज असा प्रश्न मोहल्ल्यात कुणी विचारला तर तो सभेतून जिवंत बाहेर येईल का? त्या मुलाला सोडा, साधा 'मला अमुक मुलगी आवडते' म्हणणाराही येत नाही. म्हणून मुलं विचारत नाहीत, करून मोकळी होतात. मशिदीतल्या तरुण इमामसाहेबांना मी नेहमी विनंती करते, की जुम्म्याच्या बयानात आगीची वर्णनं थोडी कमी करा आणि हा किस्सा वर्षातून दोनदा तरी सांगा.

८. घडून गेलं असेल तर झाकून ठेवा

'मी पूर्वी कुणाबरोबर होते. तौबा केली आहे. होणाऱ्या नवऱ्याला सांगू का?' असं विचारणाऱ्या मुलींना मी सांगते, की सांगायची सक्ती नाही. अल्लाहनं झाकलेला गुनाह स्वतःहून जाहीर करू नये, अशी पैगंबरांची (स.) शिकवण आहे. खरी तौबा केलेला माणूस गुनाह न केलेल्यासारखाच, असंही हदीसमध्ये आहे. माइज नावाच्या माणसाला गुनाह कबूल करायला ज्यानं पुढं पाठवलं, त्यालाच पैगंबर म्हणाले, की तू त्याला आपल्या कपड्यानं झाकलं असतंस तर तुझ्यासाठी ते चांगलं झालं असतं. मुलग्यांनाही हेच लागू आहे. जुन्या भानगडी मित्रांत मिरवणं हा वेगळा गुनाह आहे.

अर्थात, आजार, आधीचा निकाह किंवा मूल लपवणं ही फसवणूक आहे. ते सांगितलंच पाहिजे.

आणि मोहल्ल्यातल्या खालाजानांसाठी: बाईच्या चारित्र्यावर आळ घ्यायचा तर चार प्रत्यक्षदर्शी साक्षीदार आणा, नाहीतर आळ घेणाऱ्यालाच ८० फटके, असं सुरह नूर सांगते. चार साक्षीदार जवळजवळ कधीच मिळत नाहीत. माझ्या समजुतीप्रमाणं ते न मिळावेत हीच त्या नियमामागची दया आहे. एखाद्या मुलीला कुणाच्या गाडीवर बसलेलं पाहिलं, एवढ्यावर लग्नं मोडणाऱ्यांनी ही आयत आधी वाचावी.

९. निम्मा हुकूम आईबापांना आहे

सुरह नूरच्या ३२व्या आयतीत बिनलग्नाच्या लोकांची लग्नं लावून द्या, गरिबीला घाबरू नका, असं समाजाला सांगितलं आहे. हा हुकूम मुलांना नाही, आपल्याला आहे. ज्याला ऐपत आहे त्यानं निकाह करावा, नसेल त्यानं रोजे ठेवावेत, असं पैगंबरांनी (स.) तरुणांना सांगितलं. रोज्याचा सल्ला आपण मुलांना लगेच देतो. ऐपतीचं काय? लोखंडाची अंगठी मेहर म्हणून चालेल असं ज्यांनी सांगितलं, कुरआनची शिकवण हीच एकाची मेहर ठरवली, त्यांच्या उम्मतीत आज हॉल, दोन दावती, फर्निचर आणि मोटरसायकल जमल्याशिवाय निकाह होत नाही. १९६१चा हुंडाबंदी कायदा मेहरला हुंड्यातून स्पष्टपणे वगळतो, कारण ती बाईला द्यायची असते. आपण मेहर नावापुरती लिहितो आणि जहेज ट्रकभर घेतो.

मग बिरादरी. मुलगा नमाजी, नोकरीवाला, व्यसन नाही, पण तो बागवान आणि आम्ही सय्यद. तो अत्तार, आम्ही पठाण. तो पिंजारी म्हणून नको. हनफी फिकहमध्ये बरोबरीचा, म्हणजे कुफूचा, विचार आहे आणि त्याचा आधार मोठी माणसं घेतात. पण धर्म आणि चारित्र्य पसंत पडेल असं स्थळ आलं तर लग्न लावून द्या, नाहीतर जमिनीवर फितना माजेल, ही तिरमिजीतली हदीस त्यांना तेवढ्याच चटकन आठवत नाही.

आणि मुलीचा होकार. खन्सा बिन्त खिजाम या विधवेचं लग्न वडिलांनी तिच्या मर्जीविरुद्ध लावलं, ते पैगंबरांनी (स.) रद्द केलं. बायको बरीरा सोडून गेल्यावर मुगीसनं तिच्यासाठी मदिन्याच्या गल्ल्यांतून रडत फेऱ्या मारल्या, पैगंबरांनी त्याच्यासाठी शब्द टाकला. तिनं विचारलं, हा हुकूम आहे का? नाही, फक्त शिफारस, असं ऐकल्यावर तिनं नकार दिला आणि तो मान्य झाला. पैगंबरांच्या शब्दाला जिथं नकार देता येत होता, तिथं चाचांच्या शब्दाला का देता येऊ नये?

आपण कुंपण उंच करत गेलो आणि फाटक मात्र बुजवून टाकलं. मग पोरं कुंपणावरून उड्या मारतात, यात नवल कसलं?

म्हणून वाचणाऱ्या प्रत्येक अम्मी-अब्बांना हात जोडून सांगते. या आठवड्यात मुलाला आणि मुलीला, दोघांनाही, जवळ बसवा आणि विचारा, 'तुला कुणी पसंत आहे का?' उत्तर 'हो' आलं तर आवाज चढवू नका. त्या घरी जाऊन बसा, मुलाची किंवा मुलीची चौकशी करा, ठीक असेल तर साधा निकाह लावा. नको असेल तर का नको, ते बिरादरीचं नाव न घेता सांगून दाखवा. हे जमत नसेल, तर मुलांना हराम शिकवायचा आपला हक्क थोडा कमी झाला असं समजा.